इंग्रजीतील लुप्त अक्षरे

इंग्रजी लेखनात पूर्वी नित्य वापरात असलेली, पण आजच्या २६ अक्षरांत नसलेली अक्षरे. थॉर्न, एथ, विन, अ‍ॅश आणि योख ही त्यांतील प्रमुख. लांब ‘एस’ हे खरे तर स्वतंत्र अक्षर नव्हे, ‘एस’चेच दुसरे, ‘एफ’सारखे दिसणारे रूप; पण जुने इंग्रजी पुस्तक उघडणाऱ्याला पहिला चकवा तेच देते, म्हणून त्याचाही विचार येथे केला आहे. उच्चार गेला म्हणून अक्षर गेले, असे यांच्याबद्दल सरसकट म्हणता येत नाही. ही अक्षरे गेली ती मुख्यतः लेखनिकांच्या सवयींमुळे आणि छापखान्यातल्या खिळ्यांमुळे, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांमुळे. थॉर्न व एथ ज्या ध्वनींसाठी होते ते दोन्ही ध्वनी आजही इंग्रजीत पावलोपावली ऐकू येतात. त्यांना स्वतःचे अक्षर मात्र उरलेले नाही.

ख्रिस्ती धर्मप्रसारक ऑगस्टीन ५९७ मध्ये केंटला आला, त्यापूर्वी इंग्लंडमधले अँग्लो-सॅक्सन लोक रून लिपी वापरत. लाकूड, हाड, धातू, दगड यांवर कोरायची ही लिपी असल्याने तिच्यात उभ्या आणि तिरप्या रेघा जास्त, गोलाई कमी. मूळ २४ चिन्हांत इंग्लंडमध्ये भर पडत ती २८ आणि पुढे ३३ पर्यंत गेली. धर्मप्रसारकांबरोबर आलेल्या रोमन वर्णमालेत २३ अक्षरे होती; ‘जे’ आणि ‘डब्ल्यू’ नव्हते, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकच होते. दातांना जीभ लावून काढायचा घर्षक ध्वनी, ‘व’सारखा ओठांचा अर्धस्वर आणि ‘अ‍ॅ’ स्वर यांना तिच्यात जागा नव्हती. ही उणीव तीन प्रकारे भरून काढली गेली. थॉर्न आणि विन ही चिन्हे रून लिपीतून जशीच्या तशी उचलली, ‘डी’च्या दांड्यावर आडवी रेघ मारून एथ केले, ‘ए’ आणि ‘ई’ एकमेकांना चिकटवून अ‍ॅश केले. अ‍ॅशचे नाव तेवढे रून लिपीतले, घाट रोमनच.

थॉर्नचा उभा दांडा लांब असतो आणि त्याच्या मध्यावर उजवीकडे पोट असते. दांडा पोटाच्या वरही निघतो, खालीही उतरतो. विनचा दांडा फक्त खाली उतरतो आणि पोट टोकाला निमुळते होते. ‘पी’चाही दांडा खालीच उतरतो. हस्तलिखितात ही तिन्ही जवळजवळ आली की नवखा वाचक हमखास फसतो. अशा वेळी आधी दांड्याचे वरचे टोक पाहावे: ते ओळीतल्या ‘एल’, ‘बी’च्या उंचीला पोहोचत असेल तर थॉर्न. पोहोचत नसेल तर पोटाचा आकार पाहून विन की ‘पी’ ते ठरवावे. ‘वाय’ही या गर्दीत सापडू नये म्हणून बरेच लेखनिक त्याच्या डोक्यावर टिंब देत. ते टिंब आजच्या ‘आय’वरील टिंबासारखे वाचू नये.

थॉर्न आणि एथ यांच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘थिन’मधला अघोष (कंठ न थरथरता निघणारा) ध्वनी थॉर्नचा आणि ‘दिस’मधला घोष (कंठ थरथरवून निघणारा) ध्वनी एथचा. आधुनिक आइसलँडिक लेखनात ही विभागणी ढोबळपणे खरी आहे. जुन्या इंग्रजीत मात्र दोन्ही अक्षरे दोन्ही ध्वनींसाठी चालत. एकाच पानावर एकच शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. ध्वनी घोष की अघोष हे जागेवरून ठरे: दोन स्वरांच्या मध्ये घोष, शब्दाच्या आरंभी व अंती अघोष. शब्दारंभी थॉर्न आणि इतरत्र एथ अशी सवय काही लेखनिकांना होती, पण ती शिस्त होती, उच्चाराचा नियम नव्हता. मराठी भाषक हे ध्वनी ‘थ’ आणि ‘द’ म्हणून उच्चारतात. आपल्या ‘थ’मध्ये हवा क्षणभर पूर्ण अडते, इंग्रजी ध्वनीत ती दातांच्या फटीतून घासत सुटत राहते.

विनचा प्रवास गमतीचा आहे. सर्वांत जुन्या इंग्रजी लेखनात या ध्वनीसाठी दोन ‘यू’ शेजारी शेजारी लिहीत. मग विन रूढ झाले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ते परके चिन्ह टाकून पुन्हा दोन ‘यू’ आणले आणि त्यांचेच पुढे एक अक्षर झाले. त्याला ‘डबल यू’ म्हणतात ते म्हणूनच. याच लेखनिकांनी ‘सी-डब्ल्यू’ या जोडीच्या जागी ‘क्यू-यू’ आणली, त्यामुळे ‘क्वीन’चा आरंभ बदलला. अ‍ॅश, एथ आणि विन तेराव्या शतकात मागे पडत गेली आणि १३०० च्या सुमारास जवळपास संपली. थॉर्न तगले.

याच काळातल्या हस्ताक्षराने स्पेलिंगमध्ये आणखी एक खोडी करून ठेवली. तेव्हाच्या दाट, टोकदार वळणात ‘आय’, ‘एन’, ‘एम’, ‘यू’ ही सगळी अक्षरे आखूड उभ्या रेघांचीच बनत: ‘आय’ची एक, ‘एन’ व ‘यू’च्या दोन-दोन, ‘एम’च्या तीन. ‘यू’ला लागून ‘एन’ आले की चार सारख्या रेघा उभ्या राहत आणि कुठे काय संपते ते कळत नसे. म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहायला सुरुवात केली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘सन’ (मुलगा), ‘लव्ह’, ‘कम’, ‘वंडर’ या शब्दांत उच्चार ‘अ’चा आणि अक्षर ‘ओ’ आहे, त्याचे मूळ इथे.

योख हे आयर्लंडमार्गे आलेल्या वळणातील ‘जी’पासून झालेले अक्षर, दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे, पण ओळीच्या खाली लोंबणारे. त्याला किमान दोन कामे होती. ‘यिअर’च्या आरंभीचा ‘य’ त्याने लिहीत, आणि ‘नाइट’ या शब्दात मध्ये तेव्हा उच्चारला जाणारा घशातला ‘ख’सारखा घर्षक ध्वनीही त्यानेच लिहीत. पहिल्या कामासाठी पुढे ‘वाय’ आले, दुसऱ्यासाठी ‘जी-एच’. नंतर घशातला ध्वनी प्रमाण इंग्रजीतून गेला, ‘जी-एच’ मात्र तसेच बसून राहिले. ‘नाइट’, ‘डॉटर’, ‘थॉट’ पाठ करताना मुलांना ज्याचा त्रास होतो ते हेच. स्कॉटलंडमध्ये छापखानेवाल्यांनी योखच्या जागी दिसायला जवळचा म्हणून ‘झेड’ वापरला. त्यामुळे तिथल्या काही नावांत ‘झेड’ लिहिला जातो पण वाचला जात नाही: ‘मेन्झीस’ असे दिसणाऱ्या आडनावाचा परंपरागत उच्चार ‘मिंगिस’, आणि ‘डॅल्झील’ दिसणाऱ्याचा ‘डीएल’.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. तो हा धंदा युरोपात शिकून आला होता, आणि इंग्लंडच्या सुरुवातीच्या छापखान्यांतले खिळे व ते पाडण्याची विद्या मुख्यतः समुद्रापलीकडची. त्या खिळ्यांच्या पेटीत बहुधा थॉर्न नसे. एव्हाना हस्ताक्षरात, विशेषतः उत्तर इंग्लंडात, थॉर्नचे पोट वरून उघडे पडून ते ‘वाय’सारखे दिसू लागले होते, म्हणून खिळे जुळवणारे कंपोझिटर ‘वाय’चा खिळा लावून मोकळे होत. ओळ भरून आली आणि जागा कमी पडली की ‘वाय’च्या डोक्यावर बारीक ‘ई’ बसवून ‘द’, किंवा बारीक ‘टी’ बसवून ‘दॅट’ छापत. बायबलच्या ‘किंग जेम्स’ या इंग्रजी भाषांतराच्या १६११ च्या पहिल्या आवृत्तीतही अशी रूपे तुरळक सापडतात. इंग्लंडमधल्या हौशी दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असे जे वाचले जाते ते म्हणजे निव्वळ ‘दि ओल्ड’. ‘तुम्ही’ या अर्थाचे जुने सर्वनाम ‘यी’ वेगळे. त्याचा ‘वाय’ खरा आहे. ‘घोस्ट’मधला ‘एच’ही फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) वळणाच्या कंपोझिटरांनी घुसवला असे मानतात.

खिळ्यांची पेटी लेखन ठरवते याचे उदाहरण गोव्यातही आहे. विल्टशरहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पंथाच्या इंग्रज पाद्र्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, पोर्तुगीज वर्णलेखनाच्या वळणाने, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. त्या वळणात ‘श’साठी ‘एक्स’ येतो. रोमी कोंकणीत तो आजही आहे, आणि शेल्डे गावाची पाटी रोमनमध्ये ‘एक्स’ने सुरू होते.

लांब ‘एस’ छापील पुस्तकांत अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत होता. नियम असा: शब्दाच्या आरंभी व मध्ये लांब, अंती आखूड, मोठ्या लिपीतला ‘एस’ एकच. शब्द ओळीच्या शेवटी तोडला तर तोडलेल्या जागी लांबच राहतो, कारण तो शब्दाचा शेवट नव्हे. ‘एफ’च्या आधी मात्र मध्येही आखूड लावत, म्हणून ‘सॅटिस्फॅक्शन’चा पहिला ‘एस’ लांब आणि दुसरा आखूड. याला कारण धातू. लांब ‘एस’चे वरचे आकडे खिळ्याच्या अंगाबाहेर झुकलेले असे, पुढे ‘एफ’सारखे उंच अक्षर आले की दोन्ही एकमेकांवर आपटून आकडा तुटे. नेहमीच्या जोड्यांसाठी, उदाहरणार्थ ‘एस-टी’ किंवा ‘एस-आय’, म्हणूनच अखंड जोडखिळा पाडलेला असे. ‘एफ’पासून लांब ‘एस’ वेगळा ओळखण्याची खूण बारीक आहे: ‘एफ’ची आडवी रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, लांब ‘एस’ला सरळ टाइपात डावीकडे इवलासा कोंब असतो, तिरप्या टाइपात बहुधा तोही नसतो. लंडनचा मुद्रक जॉन बेल याने अठराव्या शतकाच्या शेवटी हे रूप टाकले, ‘टाइम्स’ने १८०३ मध्ये, आणि मग ते झपाट्याने गेले. खिळ्यांचा एक अख्खा संच वाचतो, हे मालकांना पटायला वेळ लागला नसावा.

‘आय-जे’ आणि ‘यू-व्ही’ यांच्या जोड्या सतराव्या शतकात सुट्या होत गेल्या. त्याआधी ‘व्ही’ आरंभी आणि ‘यू’ मध्ये असा जागेचा नियम होता, उच्चाराचा नव्हे. ‘अपॉन’ ‘व्ही’ने सुरू होई आणि ‘हॅव्ह’मध्ये ‘यू’ असे. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही ‘आय’ आणि ‘जे’चे शब्द एकाच क्रमात मिसळलेले आहेत.

आजच्या छापील आवृत्त्यांत जुन्या इंग्रजीचे थॉर्न, एथ व अ‍ॅश ठेवतात, विनच्या जागी मात्र ‘डब्ल्यू’ घालतात. कोशांत थॉर्न-एथचे शब्द बहुधा ‘टी’नंतर एकत्र लावलेले असतात, ‘टी-एच’खाली शोधले तर सापडत नाहीत. अठराव्या शतकातल्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतींत लांब ‘एस’ यंत्राने ‘एफ’ म्हणून वाचलेला असतो, तेव्हा ‘एस’ असलेला शब्द ‘एफ’ घालूनही शोधावा. थॉर्न, एथ आणि अ‍ॅश संगणकावर लवकर आली ती इंग्रजीमुळे नव्हे, आइसलँडच्या चालू भाषेला ती लागतात म्हणून. योखला यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक सूचीत, जागा १९९९ च्या ३.० आवृत्तीत मिळाली. त्यापूर्वी टंकलेले मजकूर तपासताना त्याच्या जागी तीनचा आकडा, ‘झेड’, ‘जी’ आणि ‘वाय’ यांपैकी काहीही असू शकते, हे धरून चालावे लागते.