फसव्या जाहिरातीची तक्रार: कोण करू शकते, कुठे करायची, सोबत काय जोडायचे

‘मी ती वस्तू विकतच घेतली नाही, मग तक्रार कशी करणार?’ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. म्हणून उत्तर आधी देतो. तक्रार करण्यासाठी खरेदी करावी लागत नाही, नुकसान दाखवावे लागत नाही, वकीलही लागत नाही. जाहिरात पाहिली किंवा ऐकली आणि तिच्यातला दावा खोटा, फुगवलेला किंवा घातक वाटला, एवढे पुरेसे आहे. पावती लागते ती पैसे परत मागताना. जाहिरात थांबवायला लागतो तो जाहिरातीचाच पुरावा.

दिशाभूल म्हणजे नेमके काय

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार वस्तूचे किंवा सेवेचे खोटे वर्णन, खोटी हमी, अनुचित व्यापारी प्रथेत मोडणारा दावा आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणे, हे सगळे दिशाभूल ठरते. शेवटचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, कारण तो ‘अटी लागू’च्या फुलीमागे लपलेला असतो.

९ जून २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला एक नियम मराठी वाचकांनी पाठच करावा. खुलासा, म्हणजे तळाची ती बारीक ओळ, मूळ दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हवी आणि अक्षरेही दाव्यासारखीच हवीत. दावा ठळक मराठीत आणि अटी मुंगीएवढ्या इंग्रजीत, अशी जाहिरात तेवढ्याच कारणावरून तक्रारीला पात्र आहे. शिवाय खुलाशाने मूळ दावाच खोडून काढलेला चालत नाही.

अ‍ॅपवरून बाइक आणि रिक्षा मागवून देणाऱ्या रॅपिडो कंपनीचे प्रकरण याच मुद्द्याचे आहे. ‘५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये’ अशी ती जाहिरात होती. प्रत्यक्षात ते ‘५० रुपयांपर्यंत’ होते, तेही रोख नव्हे तर अ‍ॅपमधल्या नाण्यांच्या रूपात, सात दिवसांत आणि फक्त बाइकच्या फेरीसाठी वापरायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने (या सरकारी संस्थेविषयी पुढे येते) १० लाख रुपयांचा दंड केला आणि ज्यांना कबूल केलेली रक्कम मिळाली नव्हती त्यांना ती द्यायला सांगितले.

दार पहिले: जाहिरात मानक परिषद

१९८५ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली ही संस्था ‘अ‍ॅस्की’ या नावाने ओळखली जाते. ती सरकारी नाही. जाहिरातदार, माध्यमे आणि जाहिरात संस्थांनी स्वतःवर घालून घेतलेला हा लगाम आहे. तिच्या संहितेत चार गोष्टी आहेत: खरेपणा, सभ्यता, घातक गोष्टींना उत्तेजन न देणे आणि स्पर्धकाशी न्यायाने वागणे.

जाहिरात खोटी नसेल पण बेजबाबदार असेल, उदाहरणार्थ रहदारीच्या रस्त्यावर दुचाकीच्या कसरती दाखवत असेल, तर मी आधी इथेच जाईन. ग्राहकाला शुल्क नाही. संकेतस्थळावर किंवा ७७१०० १२३४५ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर तक्रार देता येते आणि तक्रारदाराचे नाव कंपनीला कळवले जात नाही. कंपनीकडून उत्तर मागवले जाते. तिने जाहिरात मागे घेतली तर प्रकरण तिथेच संपते, नाहीतर ग्राहक तक्रार परिषद निर्णय देते. या परिषदेत जाहिरात व्यवसायाबाहेरच्या सदस्यांची संख्या जास्त असते, हे मला महत्त्वाचे वाटते.

अ‍ॅस्की दंड करू शकत नाही. पण तिचा शब्द पोकळही नाही, कारण तिच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात टीव्हीवर दाखवायला केबल दूरचित्रवाणी नियमांनीच मनाई केली आहे. राजकीय जाहिराती मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत.

दार दुसरे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण

जुलै २०२० पासून कार्यरत असलेल्या या प्राधिकरणाला खरे दात आहेत. जाहिरात थांबवणे, बदलायला लावणे, पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करणे, असे अधिकार त्याच्याकडे आहेत. दंड कंपनीलाच नव्हे, तर तोंडभरून शिफारस करणाऱ्या कलाकाराला किंवा खेळाडूलाही होऊ शकतो. शिफारस करण्यावर एक वर्षापर्यंतची, पुन्हा तेच केल्यास तीन वर्षांपर्यंतची बंदीही येऊ शकते. पुरेशी खातरजमा केली होती हे त्याने दाखवले तर तो सुटतो.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा किंवा प्राधिकरणाला लेखी पाठवा. तिसरा मार्ग कुणी फारसा वापरत नाही: कायद्याच्या कलम १७ नुसार हीच तक्रार तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. गावातल्या माणसाला हा सर्वांत जवळचा आहे. अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

आधी प्राथमिक चौकशी होते, तथ्य आढळले तर महासंचालकांकडून तपास, मग कंपनीची बाजू ऐकून आदेश. आदेशाविरुद्ध कंपनी ३० दिवसांत राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करू शकते.

औषध आणि घर: इथे दार वेगळे

‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘उंची वाढवा’, ‘लठ्ठपणा गायब’ असे दावे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या तावडीत येतात. त्यात ५४ आजार आणि व्याधींची यादी आहे आणि त्यांवर औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. म्हणजे औषध निरुपयोगी आहे हे तुम्हाला सिद्ध करावे लागत नाही. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करा. अशा जाहिरातीवर विसंबून कुणी इन्शुलिन बंद केले तर जीव जाऊ शकतो, म्हणून ही तक्रार उद्यावर टाकू नका.

घरप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (राज्यातल्या घरप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड नसेल तर महारेराकडे जा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई किंवा परतावाही मागता येतो.

सोबत काय जोडायचे

वृत्तपत्र असेल तर नाव, आवृत्ती, तारीख दिसेल असा संपूर्ण पानाचा फोटो. नुसते कात्रण अपुरे पडते. टीव्ही असेल तर वाहिनी, दिवस, वेळ आणि जमल्यास मोबाइलवरचे चित्रण. फलक असेल तर जागा ओळखू येईल असा फोटो. समाजमाध्यमांवर असेल तर आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा, दुवा उतरवून घ्या, खात्याचे नाव लिहा. ऑनलाइन जाहिरात तासाभरात नाहीशी होऊ शकते. वेष्टन असेल तर पुढची आणि मागची दोन्ही बाजू.

अर्जात आपले नाव, पत्ता, दूरध्वनी, कंपनीचे नाव, आणि आक्षेप असलेले वाक्य जसेच्या तसे, अवतरणात. ‘सगळी जाहिरातच खोटी आहे’ असे लिहू नका. एक वाक्य, ते का खोटे वाटते याची दोन-तीन कारणे आणि आपली मागणी. राग पुराव्याची जागा भरत नाही, आणि चौकशी करणाऱ्यालाही नेमके वाक्यच तपासावे लागते.

पैसे परत हवे असतील तर

वैयक्तिक भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतंत्र तक्रार लागते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. इथे मात्र पावती, देयक किंवा पैसे दिल्याचा बँकेचा उतारा हवाच. प्राधिकरणाकडे केलेल्या तक्रारीची प्रत असेल तर तीही जोडा.