अफगाण मोहिमेची शिळाछाप चित्रे : रंग कधीचा?

पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धाची म्हणून विकली जाणारी रंगीत पाने अनेकदा जेम्स ॲटकिन्सन यांच्या फुटलेल्या चित्रसंचातली असतात. ॲटकिन्सन या मोहिमेवर सैन्याचे वरिष्ठ डॉक्टर होते. बंगालचे सैन्य फिरोजपूरहून निघाले. सर जॉन कीन यांचे मुंबईचे सैन्य मात्र जहाजांनी सिंधला उतरले. मार्च १८३९ मध्ये बोलन घाट, २३ जुलैला गझनीचा किल्ला, ऑगस्टमध्ये काबूल.

ॲटकिन्सन १८४१ मध्येच हिंदुस्थानात परतले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेत निघालेले सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बहुतेक वाटेतच संपले. संच त्याच वर्षी लंडनला छापून आला. घाट, गझनीचे मिनार, फळांच्या हंगामातला काबूलचा बाजार, काबूलचा अमीर दोस्त महंमद याची शरणागती हे सगळे त्यात आहे, माघार नाही. मेलेल्यांची आठवण हवी तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जावे लागते.

चित्रे दगडावर उतरवली लुई आणि चार्ल्स हाग या भावांनी. एका चित्राला दोन दगड लागत. पहिल्यावर तेलकट खडूने रेखाटन. दुसऱ्यावर फिकट बदामी छटा, आणि उजेडाच्या जागा खरवडून काढलेल्या, म्हणजे तिथे कागद कोरा राहतो. दुसरा दगड केसभर सरकला की घोड्याच्या पाठीवरचा उजेड घोड्याबाहेर पडतो. संचाच्या बहुतेक प्रती इथेच थांबत. महाग प्रतींवर नमुना समोर ठेवून हाताने जलरंग चढवत, गडद जागी चमक यावी म्हणून डिंकाचे पाणी देत, आणि चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवत.

घोटाळा इथूनच सुरू होतो. साधे संच फोडून सुटी पाने पुढे सजावटीसाठी रंगवली गेली. ती ओळखायला दहापट भिंग पुरते. आधी खडूचा ओबडधोबड दाणा दिसतो का ते पाहावे. एकसारखे ठिपके दिसले तर ती यंत्रावरची आधुनिक नक्कल. मग तपकिरी डागांकडे वळावे. रंग डागाच्या खाली असेल तर जुना, डागावरून किंवा शिवलेल्या फाटीवरून गेला असेल तर नंतरचा. जुन्या कागदाची खळ (रंग फुटू नये म्हणून दिलेला लेप) उतरलेली असते, त्यामुळे उशिरा दिलेला रंग टिपकागदासारखा फुटून पसरतो. पांढऱ्याचीही चौकशी करावी: जस्ताचा पांढरा जलरंग बाजारात आला १८३४ मध्ये, टायटॅनियमचा १९२० च्या सुमारास. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकाने काळवंडतो, म्हणून एखाद्या पठाणाची पगडी राखाडी दिसली तर घाबरू नये, उलट ती चांगली खूण आहे.

डाग काढायला पान पाण्यात बुडवले की डाग राहतात आणि आकाश वाहून जाते.