फेल्त्सरवाल्टमधील वाहनमुक्त ग्रॅव्हल सायकलिंग

फेल्त्सरवाल्ट हा जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील, ऱ्हाइनलांड-फाल्त्स राज्यात फ्रान्सच्या सीमेपर्यंत पसरलेला अरण्यमय डोंगराळ प्रदेश असून, तेथील खडीच्या वनरस्त्यांवरून मोटारींच्या वर्दळीपासून दूर राहून केलेली लांब पल्ल्याची सायकलसफर ही या नोंदीचा विषय आहे. या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे 1,800 चौ. किमी. असून त्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. काल्मिट हे सर्वोच्च शिखर 673 मीटर उंच, म्हणजे लोणावळ्याहून जेमतेम पन्नासेक मीटर उंच आहे. प्रदेशाला 1958 मध्ये निसर्ग उद्यानाचा आणि 1992 मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. फ्रान्समधील उत्तर व्होज पर्वतभागासह 1998 पासून ते सीमेपलीकडे जाणारे एकत्रित राखीव क्षेत्र झाले.

ग्रॅव्हल सायकल ही रस्त्यावरच्या शर्यतीची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल होय. खाली वळलेले हँडल, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि साधारण 35 ते 50 मिलिमीटर रुंदीचे टायर ही तिची ओळख आहे. हा प्रकार प्रथम अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील शेतरस्त्यांवर रुजला. कॅन्ससमधील एम्पोरिया येथील शर्यत 2006 मध्ये सुरू झाली आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2022 मध्ये इटलीत झाली. जर्मनीतील मध्यम उंचीच्या डोंगरांत मात्र या सायकलीला साजेसे रस्ते तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तयार होते.

हे रस्ते सायकलस्वारांसाठी बांधलेले नाहीत, आणि या प्रदेशातले सायकलिंग समजून घ्यायचे तर ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात, हा भाग बव्हेरियाच्या राजवटीखाली असताना, तोडलेले लाकूड श्पायरबाखसारख्या ओढ्यांतून वाहून नेले जाई. त्यासाठी ओढ्यांचे काठ वालुकाश्माने बांधून काढले होते आणि पाणी साठवून एकदम सोडण्यासाठी जागोजागी तळी केली होती. रेल्वे आल्यावर ही पद्धत मागे पडली. लाम्ब्रेख्ट ते एल्मश्टाइन हा दरीतला लोहमार्ग 1909 मध्ये सुरू झाला आणि आज त्यावर हौशी मंडळींची वाफेची गाडी धावते. पुढे लाकडाची वाहतूक ट्रककडे गेली. अवजड ट्रक लाकडासकट खाली उतरला पाहिजे, या एकाच गरजेतून आजच्या वनरस्त्यांचा आकार ठरला आहे. गाडीमार्ग साधारण साडेतीन मीटर रुंद असतो. चढ सहसा आठ-दहा टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण त्यापुढे भरलेला ट्रक चालवणे अवघड होते. वळणे ऐसपैस असतात. डांबर नसते, खडीवर बारीक चुरा पसरून, पाणी मारून, रोलरने दाबलेला थर असतो, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या खडीकरणाच्याच जातीचा. ज्या चढाने ट्रकचे इंजिन दमत नाही, त्या चढाने सायकलस्वाराचे पायही सहसा हार मानत नाहीत.

या रस्त्यांना खालच्या खडकाचीही मोठी साथ आहे. हा सारा प्रदेश सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या तांबड्या वालुकाश्माचा आहे. त्यावरची माती रेताड आणि नापीक असल्याने शेती फारशी फोफावली नाही, वस्ती विरळ राहिली आणि जंगल टिकले. हीच रेताड जमीन पाणी झटपट जिरवते. काळ्या मातीत पावसानंतर चाकाला चिखलाचा गोळा बसतो तसा येथे बसत नाही; जोराची सर येऊन गेल्यावर काही तासांत रस्ता पुन्हा चालवण्याजोगा होतो. उन्हाळ्यात मात्र हाच गुण उलटतो. कोरड्या डोंगरधारांवर वरचा थर सुटून वाळू मोकळी होते आणि उतारावर पुढचे चाक तिच्यात घुसून भरकटते. अशा वेळी ब्रेक करकचून न दाबता वजन मागे घेऊन सायकल सरळ जाऊ द्यावी लागते.

रस्त्यात तिरप्या बसवलेल्या पाणचऱ्यांचा उल्लेख आवर्जून केला पाहिजे. उतारावरून वाहणारे पाणी खडी ओढून नेऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर लाकडी ओंडक्यांच्या किंवा दगडाच्या चरी रस्ता ओलांडून कडेच्या गटारात काढलेल्या असतात. ट्रकला त्या जाणवतही नाहीत. पण वेगात उतरणाऱ्या सायकलीचे चाक चरीत तिरपे गेले तर ओल्या लाकडावरून ते घसरते. चर काटकोनात ओलांडणे हाच त्यावर उपाय आहे. शरद ऋतूत बीच वृक्षांची पाने गळून या चरी पुरत्या झाकल्या जातात, आणि या जंगलातील सर्वांत देखणा काळ तेवढाच सावधपणाचाही ठरतो.

रस्ते वाहनमुक्त राहतात ते कायद्यामुळे. जर्मनीच्या 1975 च्या संघीय वन कायद्याने विरंगुळ्यासाठी जंगलात फिरण्याची सर्वांना मुभा दिली असून सायकल चालवण्याची परवानगी रस्ते व वाटांपुरती आहे. शिवाय ही मुभा ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर वापरायची आहे. मोटारींना मात्र मज्जाव आहे. जंगलाच्या तोंडाशी लाल कडेचा गोल फलक आणि अनेक ठिकाणी आडवा दांडा असतो; वनखात्याची व लाकूडवाहतुकीची वाहने तेवढी आत जाऊ शकतात. बारकावे राज्यागणिक बदलतात. शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला बंदी आहे, तसा रुंदीचा नियम ऱ्हाइनलांड-फाल्त्समध्ये नाही. अरुंद पायवाटांवर पदभ्रमण करणारे आणि सायकलस्वार यांच्यात जी कुरबुर होते, तिला रुंद खडीच्या रस्त्यावर फारसे कारण उरत नाही.

रस्ते मुळात लाकूडवाहतुकीचे असल्याने येथे सायकलस्वार हा चालू कामाच्या जागेवरचा पाहुणा असतो. रस्त्याच्या कडेला रंगाने आकडे घातलेल्या ओंडक्यांच्या राशी दिसतात. त्यांवर चढणे जिवावर बेतू शकते. तोड चालू असलेल्या भागावर पट्टी लावलेली असेल, तर समोर यंत्राचा आवाज नसला तरी परत फिरावे. अवजड यंत्रे गेल्यानंतर रस्ता उखडलेला असतो आणि दुरुस्ती होईपर्यंत तो मार्ग नकाशावर असूनही निरुपयोगी ठरतो. यावर तक्रार करणे रास्त नाही, कारण याच कामासाठी रस्ता राखला जातो. जीवावरण क्षेत्राच्या गाभ्यातील पट्ट्यांत, उदाहरणार्थ वीसलाउटर नदीच्या उगमाकडे, लाकूडतोड थांबवून जंगल आपल्या गतीने वाढू दिले आहे; तेथे पडलेली झाडे उचलली जात नाहीत आणि रस्ता राखण्याचे कारणच संपते.

उंची कमी असली तरी प्रदेश सोपा नाही. दऱ्या खोल आणि एकामागोमाग एक असल्याने साठ-सत्तर किलोमीटरच्या फेरीत हजार मीटरहून अधिक चढ सहज होतो. दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते. मार्ग हुकल्यास ‘रिटरश्टाइन’ उपयोगी पडतात: स्थळाचे नाव किंवा तेथील जुनी घटना कोरलेले हे वालुकाश्माचे शिलाखंड संख्येने तीनशेच्या आसपास आहेत. अपघात झाल्यास जवळच्या ‘रेटुंग्सपुंक्ट’ (बचावस्थळ) या फलकावरील क्रमांक 112 या आपत्कालीन दूरध्वनीवर कळवला की मदतपथकाला नेमके ठिकाण समजते.

खाण्यापिण्याची सोय हा या प्रदेशाचा खरा अभिमान आहे. 1902 मध्ये स्थापन झालेल्या फेल्त्सरवाल्ट-फेराइन या पदभ्रमण संस्थेच्या व इतरांच्या शंभराहून अधिक खानपानाच्या झोपड्या जंगलात विखुरलेल्या असून त्यांपैकी बऱ्याच स्वयंसेवक चालवतात. खिडकीतून आपले ताट आपणच घ्यायचे आणि रिकामी जागा दिसेल तेथे अनोळखी माणसांच्या बाकावर बसायचे, असा रिवाज आहे. मांसाहारींसाठी यकृताचे गोळे, इतरांसाठी कांदा घातलेले मऊ पांढरे चीज व पाव, आणि सोबत अर्ध्या लिटरच्या खळगेदार पेल्यात सोडा घातलेली वाइन मिळते. ही झोपडी-संस्कृती 2021 मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाली. बऱ्याच झोपड्या फक्त शनिवार-रविवारी आणि बुधवारी उघड्या असतात, तेव्हा आधी चौकशी करावी.

जंगलातून जाणारे मोजके डांबरी महामार्ग टाळणे शक्य असले तरी ते ओलांडावे लागतात. योहानिसक्रॉइत्स हा चौक मोटारसायकलस्वारांचा आवडता अड्डा असून सुटीच्या दिवशी तेथे रस्ता ओलांडताना थांबून पाहावे लागते. जंगलापर्यंत पोहोचायला मात्र मोटारीची गरज नाही. काइझरस्लाउटर्न ते नॉयश्टाट आणि लांडाउ ते पिर्माझेन्स हे दोन्ही लोहमार्ग जंगलातूनच जातात, आणि राज्यातील प्रादेशिक गाड्यांत कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर व शनिवार-रविवारी दिवसभर सायकल विनामूल्य नेता येते. लाम्ब्रेख्ट किंवा अनवायलर येथे उतरल्यावर थोड्याच अंतरावर खडीचा रस्ता सुरू होतो.