टाकी, डास आणि कावीळ : आमच्या गिऱ्हाइकांनी एकदा वाचावं असं

नमस्कार. आम्ही बेळगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत पाण्याच्या टाक्या, संप (जमिनीखालच्या टाक्या) आणि हौद धुऊन द्यायचं काम करतो. पावतीबरोबर हा कागद देतोय, कारण टाकी धुताना घरोघरी लोक तेच प्रश्न विचारतात आणि आम्ही ओल्या हातानं, पुढच्या घरी जायच्या घाईत उत्तर दिलं की ते अर्धंच राहतं.

पहिलं सांगायचं ते हे की आमच्याकडनं टाकी धुऊन घेतली म्हणजे आता सहा महिने डेंग्यूची काळजी नाही असं कृपा करून समजू नका. मागच्या पावसाळ्यात वडगावात एका विणकराच्या घरी गेलो होतो, वरची टाकी लख्ख, झाकण घट्ट, तरी घरात दोघांना डेंग्यू. मग जिन्याखाली बघितलं तर निळं बॅरल, पाणी चार-पाच दिवसाआड येतं म्हणून भरून ठेवलेलं, वर पत्र्याचा तुकडा आडवा टाकलेला. मोबाईलचा टॉर्च मारला. मावशी म्हणाल्या, "पाणी तर काचेसारखं दिसूलालंय की." होय, पाणी काचेसारखंच होतं, आणि टॉर्च पडल्याबरोबर त्यातल्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. पाण्याच्या रेषेच्या जरा वर बॅरलच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं तर काळ्या खसखशीसारखे बारीक दाणे हाताला लागले. ती डासाची अंडी. मावशींनी ते बोटावर बघितलं आणि खालीच बसल्या, कारण आठवड्याला त्या बॅरल रिकामं करत होत्या, नुसतं घासत नव्हत्या.

इथंच सगळी मेख आहे. डेंग्यूचा डास, त्याला एडिस म्हणतात, काळा असतो आणि पायावर पांढरे पट्टे असतात, तो गटारात अंडी घालत नाही, त्याला आपल्या घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या वर भिंतीला चिकटवते. तुम्ही पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथंच, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, परत पाणी भरलं आणि ओलावा मिळाला की अळी बाहेर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातनं एक दिवस ठरवून बॅरल, हंडे, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुलरचं पाणी, कुंडीखालची ताटली सगळं रिकामं करून काथ्यानं नाहीतर ब्रशनं कडेकडेनं खसाखसा घासायचं, उन्हात पालथं घालायचं, मगच भरायचं. याला आमची गरज नाही, पैसे लागत नाहीत, घरातला कुणीपण करू शकतो. हा डास फार लांब उडत पण नाही, दोन-चारशे मीटरच्या आतच राहतो, म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुतेक तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या घरातलाच असतो, तेव्हा गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एकच वार ठरवला तर फरक पडतो. रविवारी नळ येत असेल तर शनिवारी संध्याकाळी घासा, पाणी पण वाया जात नाही.

आता व्हायरस म्हणजे काय, कारण "जंतू" म्हटलं की लोक सगळे एकाच माळेत ओवतात. व्हायरस बॅक्टेरियापेक्षा कितीतरी लहान असतो, डेंग्यूचा व्हायरस इतका बारीक की वीस हजार एकाला एक लावून ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. त्याला स्वतःचं पोट नाही, श्वास नाही, तो एकटा काही करू शकत नाही, माणसाच्या पेशीत घुसला की पेशीचंच सामान वापरून स्वतःच्या कॉप्या काढत सुटतो. म्हणून अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही, ते औषध बॅक्टेरियाच्या अंगातल्या यंत्रणेवर मारा करतं आणि व्हायरसकडे ती यंत्रणाच नाही. मेडिकलमध्ये जाऊन "तापाचा सेट द्या, त्यात एक अँटिबायोटिक घाला" म्हणणारे आपल्याकडे भरपूर आहेत. नका करू, खरंच.

डेंग्यू माणसाकडनं माणसाला शिंकून, शिवून लागत नाही. डास आजारी माणसाला चावतो, मग डासाच्या पोटात व्हायरस वाढायला साधारण आठ ते बारा दिवस जातात, त्यानंतर तो जगेपर्यंत ज्याला चावेल त्याला देत सुटतो. चावल्यापासून ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. हा डास दिवसा चावतो, सकाळी ऊन वर येताना आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जास्त, त्यामुळं फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. आणि ज्याला डेंग्यू झालाय त्यालाच आधी मच्छरदाणीत झोपवा, दिवसा सुद्धा, कारण तापाच्या दिवसांत त्याचं रक्त पिऊन डास तो व्हायरस उचलतो आणि घरातल्या बाकीच्यांना देतो. ही गोष्ट सांगितली की लोक दचकतात, आजवर सगळ्यांनी मच्छरदाणी धडधाकट माणसाला लावलेली असते.

अंगात काय होतं? जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नाही ते म्हणजे धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप कमी होतो, घरचे म्हणतात सुटलो, आणि नेमकं तेव्हाच काही जणांच्या रक्तवाहिन्यांतनं रक्तातलं पाणी बाहेर पाझरायला लागतं, बीपी खाली येतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातनं नाकातनं रक्त, धाप, एकदम गळून जाणं नाहीतर चुळबुळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जिल्हा हॉस्पिटल किंवा जवळचा दवाखाना गाठा. लोक प्लेटलेटच्या आकड्याकडेच बघत बसतात, दीड ते साडेचार लाख हा नॉर्मल आकडा आता सगळ्यांना पाठ झालाय, पण आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतो, लघवी होते का, पाणी पोटात राहतं का हे जास्त महत्त्वाचं. तापाला पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगदुखीची म्हणून आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानाचा रस ज्याला द्यायचा त्यानं द्यावा, पण त्याच्या भरवशावर पेशंट घरात ठेवू नये. आणि "आमाला मागच्या वर्षी होऊन गेला, आता काय नाही" हे चूक आहे, डेंग्यूच्या व्हायरसचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला तरी बाकीचे तीन राहतात, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर व्हायची शक्यता असते.

चिकुनगुन्याचा डास हाच. जुन्या लोकांना 2006 आठवत असेल, कर्नाटकात आणि पलीकडं महाराष्ट्रात गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. हा व्हायरस पहिल्यांदा ओळखला 1952 साली आफ्रिकेत टांझानियाकडं, आणि नावाचा अर्थच वाकवून टाकणारा असा आहे. जीव सहसा जात नाही पण सांधेदुखी महिनोन्महिने राहते, मागावर बसणाऱ्याला, शेतात खुरपणाऱ्याला सहा महिने गुडघा-मनगट दुखणं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

2024 मध्ये कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं आणि घरात डासांची पैदास सापडली तर शहरात 400 आणि खेड्यात 200 रुपये दंड ठेवला. आशाताई लार्वा बघायला येतात तेव्हा त्यांना बॅरलपर्यंत जाऊ द्या, दारातनं परत पाठवू नका. त्यांनी पाण्यात टाकलेलं अळ्यांचं औषध लोक पाठ वळली की ओतून देतात, तसं करू नका.

आता कावीळ. हा विषय माझ्या घरातला आहे. धाकट्या भावाला बारावीच्या वर्षी कावीळ झाली, दीड महिना अंथरुणाला, आणि आम्ही सगळे शोधत होतो की परवा-तेरवा बाहेर काय खाल्लं. परवा-तेरवाचा संबंधच नव्हता. पाण्यातनं येणारी कावीळ हेपॅटायटिसच्या ए नाहीतर ई व्हायरसनं होते, त्यातला ए चा व्हायरस पोटात गेल्यापासून त्रास दिसायला साधारण चार आठवडे लागतात, ई चा असेल तर पाच-सहा सुद्धा. म्हणजे डोळे पिवळे दिसले तेव्हा दूषित पाणी येऊन महिना झालेला असतो, आणि पिवळं दिसायच्या आधीच त्या माणसाच्या संडासातनं व्हायरस बाहेर पडायला लागलेला असतो. भावाच्या वेळी शेवटी कळलं की गल्लीतल्या गटारातनं नळाची पाईप गेली होती आणि जोडावर गळत होती.

गळती असली तर पाणी बाहेर जाईल, घाण आत कशी येईल, असं लोक विचारतात. पाईप भरलेली आहे, प्रेशर आहे, तोपर्यंत बाहेरच जातं. पाणी सोडणाऱ्या वॉलमननं वॉल (व्हॉल्व्ह) बंद केला की पाईप रिकामी होते, आत ओढ तयार होते, आणि त्याच भोकातनं गटाराचं, फुटलेल्या यूजीडीचं (जमिनीखालच्या ड्रेनेजचं) पाणी आत खेचलं जातं. परत पाणी सोडलं की पहिल्यांदा तेच तुमच्या संपात येऊन पडतं. बेळगावच्या दहा वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी सुरू झालं त्याचा खरा फायदा नुसती सोय हा नाही, पाईप कायम भरलेली राहते हा आहे. राकसकोप धरणाचं असो नाहीतर हिडकल धरणाचं, पाणी तिकडनं शुद्ध करूनच येतं, बिघडतं ते शेवटच्या टप्प्यात. तुमच्याकडं पाणी दिवसाआड येत असेल तर आल्याआल्या पहिलं पाणी संपात घेऊ नका, बादलीत धरून अंगण, बाथरूम धुवायला वापरा, वास नाहीतर रंग वाटला तर भरूच नका. मोटर थेट नळाला लावू नका, ती पण घाण ओढते.

फडक्यानं गाळलं म्हणजे झालं असं वाटणाऱ्यांना सांगतो की या व्हायरसला फडक्याचं भोक म्हणजे बेळगावातला मोठा चौक, चन्नम्मा सर्कल. गाळायचंच, पण पिण्याचं पाणी नंतर चांगलं खदखदून एक-दोन मिनिटं उकळायचं. 1955-56 साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली, तेव्हा कावीळ पाण्यातनं किती झपाट्यानं पसरते ते कळलं, आणि ती ई प्रकारची होती हे तर कितीतरी वर्षांनी समजलं. ही ई प्रकारची कावीळ बाकीच्यांना बरी होऊन जाते पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईचा जीव घेऊ शकते. सून, लेक बाळंतपणाला आली असेल तर बाकी कुणाचं नाही तरी तिचं पाणी उकळलेलंच पाहिजे, माहेरच्यांनी एवढं तरी करावं.

गावठी औषधाबद्दल बोललं की लोक रागावतात, तरी लिहितो. ए प्रकारची कावीळ बहुतेक माणसांत आपोआप बरी होते, म्हणून माळ घातली, नाकात थेंब सोडले, काहीही केलं तरी गुण आल्यासारखं वाटतं. आधीच सुजलेल्या लिव्हरला अनोळखी पाल्याचा रस पाजणं यात जोखीम आहे. दारू तर पूर्ण बंद. झोपेत बडबड, दिवसा झोप रात्री जाग, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.

टाकीत औषध किती घालायचं हे पण विचारतात. चांगल्या, ताज्या ब्लिचिंग पावडरचं प्रमाण एक हजार लिटर स्वच्छ पाण्याला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे चमच्यापेक्षा कमीच, पण बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि तासभर वापरायचं नाही. डबा उघडा ठेवलेली जुनी पावडर निकामी होते. तळात गाळ असेल तर औषध गाळातच संपतं, पाण्याला काही उरत नाही, म्हणून आधी गाळ काढायचा, औषध मग. आमचं काम एवढंच, गाळ काढणं, भिंती घासणं आणि निर्जंतुक करणं.

सगळेच ताप टाकीतनं येत नाहीत हे खरं. फ्लू, गोवर हवेतनं येतात, गोवराचा पेशंट खोलीतनं निघून गेला तरी दोन तासांपर्यंत व्हायरस हवेत राहू शकतो, त्याला लस हाच उपाय. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडनं काजूच्या हंगामाला गोव्यात जाणाऱ्यांनी माकडतापाचं लक्षात ठेवा, तो 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि 2016 मध्ये गोव्यातल्या काजूच्या बागांत कामाला गेलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या मजुरांना झाला. तो गोचिडीतनं येतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून अंग नीट तपासा.

आम्ही यायच्या आदल्या दिवसापासून टाकीतलं पाणी वापरून कमी करा म्हणजे चांगलं पाणी गटारात जाणार नाही, पिण्याचे दोन हंडे बाजूला भरून झाकून ठेवा. संपात आमच्या आधी उत्साहानं घरातलं कुणी उतरू नये, बंद संपात हवा नसते, माणूस खाली जाऊन बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला पण. आम्ही झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू देतो, कमरेला दोर बांधूनच एक जण उतरतो आणि दुसरा वर थांबतो, त्यामुळं वेळ लागतो, गडबड करू नका. आणि जाताना आम्ही ओव्हरफ्लोच्या पाईपला बारीक जाळी बांधून देतो, तिचे वेगळे पैसे नाहीत. ती फाटली किंवा झाकणाला चीर गेली तर पावतीवरच्या नंबरला फोन करा, पुढच्या वेळेपर्यंत थांबू नका.