नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे

‘मंडळाची घटना स्टँप पेपरवर लिहून नोटरी केली की मंडळ नोंदणीकृत होते’, असा संदेश बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बरीच वर्षे फिरत आहे. शिक्का आणि मुद्रांक पाहून तसा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र नोटरी मुख्यतः एवढेच प्रमाणित करतो की सह्या त्याच्यासमोर, त्याच व्यक्तींनी केल्या. संस्थेची नोंदणी होते ती कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली, आणि त्यासाठी किमान सात जणांनी नाव, उद्देश व कार्यकारिणी नमूद केलेले ज्ञापन (मेमोरँडम) आणि सोबत नियमावली संस्था निबंधकांकडे (रजिस्ट्रारकडे) दाखल करावी लागते. कोल्हापूरकडच्या मंडळाची घटना जशीच्या तशी उतरवून घेतली, तर तिच्यात हमखास धर्मादाय आयुक्तांचे कलम तसेच येते. ती व्यवस्था महाराष्ट्राच्या कायद्यातली, इकडे ती लागू नाही. (नोंदणी नसलेले मंडळ तेवढ्यावरून बेकायदेशीर ठरते, असेही नव्हे.)

खात्री करायची असल्यास पदाधिकाऱ्यांकडे नोंदणी प्रमाणपत्र मागावे. त्यावर निबंधकांची सही, नोंदणी क्रमांक आणि वरील अधिनियमाचे नाव असते. नुसता नोटरीच्या नोंदवहीतला क्रमांक असेल, तर नोंदणी झालेली नाही. तरीही शंका उरल्यास निबंधक कार्यालयात तो क्रमांक देऊन दप्तरी असलेल्या नियमावलीची नक्कल मागावी आणि हातातल्या घटनेशी कलमवार ताडून पाहावी.