शास्त्रीय चित्र आणि वन्यजीवचित्र: फरक हुबेहूबपणात नाही

प्राण्याचे चित्र हुबेहूब असले की ते शास्त्रीय, म्हणजे विज्ञानासाठी काढलेले, आणि फटकारे मोकळे असले की ते वन्यजीवचित्र, असे नागपुरातल्या प्रत्येक प्रदर्शनात कोणीतरी ठामपणे सांगतो, आणि ते साफ चूक आहे. रंग, कागद, कुंचले यांतले फरक किरकोळ आहेत. हाडांची आणि स्नायूंची जाण तर दोन्हींकडे लागतेच.

खरा फरक चित्र कोणाचे आहे यात आहे. शास्त्रीय चित्र प्राण्याच्या अख्ख्या जातीचे असते: अनेक नमुने पाहून त्यांत जे सर्वसाधारण आहे ते एका आकृतीत आणायचे, म्हणून तिथे कोरी पार्श्वभूमी शोभते. वन्यजीवचित्र मात्र एका प्राण्याचे, एका जागेचे आणि एका वेळेचे असते. वाघाचेच पाहा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टेही जुळत नाहीत. त्यामुळे छायाचित्र उलटे करून ‘पेंचचा वाघ’ रंगवणारा चित्रकार पेंचच्या जंगलात कधी जन्मालाच न आलेला वाघ रंगवतो. शहरातल्या भिंतींवर असे वाघ पाहिले की मला फार वाईट वाटते.

जागेचेही तसेच आहे. मुघल दरबारातले चित्रकार उस्ताद मन्सूर यांचे मानले जाणारे, सुमारे 1625 सालचे डोडो या न उडणाऱ्या पक्ष्याचे चित्र जातीची नोंद म्हणून अनमोल आहे, कारण ते शतक संपण्याआधीच डोडो नाहीसा झाला. पण डोडोच्या मॉरिशस बेटावर माणसाने तोडलेले जंगल आणि त्याच्या जहाजांतून उतरलेली डुकरे व उंदीर त्यात नाहीत, आणि जातीच्या नोंदीत ती असण्याचे कारणही नाही.

वन्यजीवचित्राला ही सूट मी देत नाही. पेंचलगत राष्ट्रीय महामार्ग 44 च्या खालून प्राण्यांना जाण्यासाठी मोकळ्या जागा ठेवल्या आहेत, त्यांतली सर्वांत लांब 750 मीटरची आहे, आणि तिथल्या काँक्रीटच्या खांबांमधून जाणारे वाघ कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. पुलाची सरळ सावली वाघाच्या पाठीवर पडते तेव्हा निम्मे पट्टे काळवंडतात आणि उरलेले उन्हात पेटल्यासारखे दिसतात. ती सावली काढून, खांबाच्या जागी बांबूचे बेट रंगवले, तर चित्र खोटे होते. चित्राखाली नुसते ‘वाघ’ लिहिलेले असेल तर मी शरीराचे प्रमाण तपासतो. ‘पेंचचा वाघ, महामार्गाजवळ’ असे लिहिलेले असेल तर आधी खांब शोधतो.