पावसाळ्याआधीच्या औषधी पुरचुंड्या : पार्श्वभूमी

हल्ली पावसाळ्याआधी एकत्र बसून औषधी पुरचुंड्या शिवायच्या बैठका होतात, आणि त्यांत ‘परंपरेने कापूर हवाच’ असंही सांगितलं जातं. पण पुरचुंडी ही मुळात बांधायची वस्तू. ओवा तव्यावर गरम करायचा, मऊ फडक्यात गाठ मारायची, बाळाची छाती शेकायची आणि फडकं पुन्हा धुवायला टाकायचं. शिवण लागली ती पेटीतल्या नि धान्यातल्या पुरचुंडीला, कारण तिला चार महिने टिकायचं असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत भिंतीसुद्धा ओल धरतात. म्हणून वैशाखात वाळवण आणि मृग लागायच्या आत शिवण, असा क्रम बसला. तांदळात निरगुडी नाहीतर कडुनिंबाचा पाला, कपड्यांत वाळा, वेखंड, सुकलेली बकुळ. केवड्याचं पान मात्र लुगड्यांच्या घडीत तसंच सरकवत. ते शिवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

कापड जुन्या लुगड्याचं. वापरून विरलेल्या सुती कापडातून वास बाहेर येतो आणि आतली ओलही निघून जाते. मुंबईच्या गिरणीत घरातलं माणूस असेल तर कापडाचे तुकडे गावी येत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला नि ती वाट आटली. पण घरात नायलॉन-टेरिलीनच्या साड्या त्याआधीच शिरल्या होत्या. हे कापड ओल फारशी शोषत नाही, पाला आतल्या आत कुबट होतो आणि हाताचा टाकाही घसरतो. पुरचुंडी मागे पडली त्यात डांबरगोळीइतकाच या साड्यांचा वाटा धरायला हवा.

खरा वाद कापराचा. ‘परंपरेने कापूर हवाच’ असं म्हणणाऱ्यांनी तो कापूर कोणता, हे आधी सांगावं. जुना भीमसेनी कापूर सुमात्रा-बोर्निओकडच्या झाडाचा, समुद्रमार्गे येणारा आणि महाग, चिमूटभरच वापरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइडच्या (कापूर घालून बनणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या) कारखान्यांना दुसरा, चीन-जपान-तैवानकडचा कापूर लागू लागला. 1899 मध्ये जपानने तैवानातल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला, भाव चढले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्पेंटाइनपासून कापूर तयार होऊ लागला. आजची स्वस्त वडी त्या वाटेने आली आहे. मूठभर कापूर घालायची सवय या स्वस्ताईची. तिला आजीच्या बटव्याचा दाखला देऊ नये.

2021 च्या एप्रिलमध्ये कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरी तेलाची पुरचुंडी हुंगल्यास प्राणवायूची पातळी वाढते, असा निरोप फोनोफोन फिरला. तशी ती वाढत नाही. नाकाला गार वाटतं म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. त्यानंतर शिवणाच्या बैठका घेणाऱ्यांत दोन तट पडले : काहींनी कापूर साफ वगळला, काहींनी तो ‘विधीचा भाग’ म्हणून ठेवला. लहान मूल असलेल्या घरापुरता पहिला निर्णय योग्य आहे. कापूर अगदी थोडा पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात, आणि बाळ हातातली पुरचुंडी आधी तोंडातच घालतं.

कापराची आणखी एक खोड म्हणजे तो ओव्याच्या फुलाबरोबर (थायमॉल) किंवा पुदिन्याच्या फुलाबरोबर (मेंथॉल) ठेवला की दोन्ही विरघळून पातळ होतात. अमृतधारा हे घरगुती औषध याच गुणावर तयार होतं. पुरचुंडीत मात्र साडीवर डाग पडतो. डांबरगोळीसोबतही तोच प्रकार.

या बैठका अलीकडच्या. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पर्यटक वाढले, घरगुती निवासांची सोय झाली, बचत गटांना विकायला वस्तू हवी होती; टाळेबंदीनंतर ‘माइंडफुल’ हा शब्द या बैठकांना चिकटला. गप्प बसून टाके मोजण्यात वाईट काही नाही. दमट हवेत मऊ पडणारं लॅव्हेंडर विकत आणून भरायचं आणि दारातली बकुळ झाडून टाकायची, हे मात्र अजब.

रीत साधी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद दुहेरी कापड उलट्या बाजूने तीन कडांनी धावदोऱ्याने शिवावं, टाका तांदळाच्या दाण्याहून लांब नको. कोपऱ्यांवर उलटी टीप घालावी. दोरा सुतीच, पॉलिएस्टरचा दोरा जुनं कापड कापतो. सुलटं करून 15 ग्रॅम वाळ्याचे इंचभर तुकडे, 10 ग्रॅम जाडसर कुटलेलं वेखंड, दोन मुठी बकुळ, पाच-सहा लवंगा. वेखंडाची वस्त्रगाळ पूड करू नये, ती विणीतून गळते. पाला घालायचा तर सावलीत वाळवून, चुरगाळल्यावर कुरकुरेल तेव्हाच. देठ लवचीक राहिला तर पंधरवड्यात बुरशी दिसते. पिशवी दोन-तृतीयांशच भरावी. तोंड नेफा करून नाडीने बांधण्यापेक्षा सैल टाक्यांनी शिवलेलं बरं, कारण गणपतीनंतर उघडीप मिळाली की ते उसवून भरण ताटात पसरता येतं. वाळा नि वेखंड पुन्हा चालतात, लवंगा बदलाव्या लागतात.